सड्यावरचे वऱ्हाड

तळकोंडच्या सड्याला, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ-पठाराला, जिथे कड येते, तिथे एक वऱ्हाड उभे आहे. जांभ्या दगडाचे. नवरदेव, करवल्या, वाजंत्री, नवरदेवाचे मामा, सगळे जागच्या जागी थिजलेले. गावातली कथा अशी की पलीकडच्या खोऱ्यातून निघालेले हे वऱ्हाड भर दुपारी सड्याच्या टोकाला पोचले आणि तिथे वरपक्षाच्या ध्यानात आले की आपल्याला सामोरे यायला कोणी आलेले नाही. मानासाठी मंडळी तिथेच अडून राहिली. खाली मांडवात मुहूर्त टळला, नवरीचे डोळे वाटेला लागले, पण वऱ्हाड हलले नाही ते नाहीच. डॉ. सगुणा रहाटे यांचे या कथेबद्दल एकच मत होते. मानपानापायी दगड झालेली माणसे त्यांनी विद्यापीठात पुष्कळ पाहिली होती. मात्र त्यांच्याकडे पाहावेसे कोणाला वाटत नसे.

मत असले, तरी वऱ्हाड सगुणाबाईंनी पाहिलेले नव्हते. नवरदेव अजून बिननवरीचा आहे, तेव्हा बिनलग्नाची मुलगी त्याच्या नजरेस पडू द्यायची नाही, असा गावचा नेम होता. लेकीचे लग्न ठरून हळद लागायची झाली, की तिला पहाटे सड्यावर न्यायचे, तिच्या नावाने नवरदेवापुढे गाऱ्हाणे घालायचे, आणि मग ती हवी तेव्हा तिथे जायला मोकळी. पुरुषांना कधीच आडकाठी नव्हती. सगुणाबाईंनी लग्न केले नाही, भूशास्त्र केले. पदवी घेऊन त्या गावी आल्या, तेव्हा गावकीच्या बैठकीत उभे राहून त्यांनी रीतसर विचारले होते, की मला वऱ्हाड पाहायचे आहे, अभ्यासासाठी. त्या वेळचे गावकर, म्हणजे गावकीचे प्रमुख, भागोजी रहाटे, नात्याने त्यांचे चुलते, पान जुळवता जुळवता म्हणाले होते, "आधी लगीन कर, मंग दगड बग. दगड काय पळून जात न्हाय." बैठक खदखदून हसली. सगुणाबाई हसल्या नाहीत. "गाव बोलावील त्या दिवशीच येईन," एवढे सांगून त्या उठल्या.

चोरून जाता आले असते. पण ज्या दाराशी आपल्याला हसले, त्या दारातून मागच्या अंगाने शिरणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. मग त्यांनी उरलेली पृथ्वी पाहिली. राजस्थानातले वाऱ्याने कोरलेले खडक पाहिले, जॉर्डनचे लाल कडे पाहिले, नामिबियात वाळूतून वर आलेल्या काळ्या सुळक्यांखाली मुक्काम केले. वाळवंटातल्या दगडांवर त्यांनी लिहिलेले जगभर वाचले जाई. परदेशी सहकारी विचारत, तुमच्याच तालुक्यात म्हणे जांभ्याचे खांब आहेत, ते कसे आहेत? सगुणाबाई म्हणत, ऐकून आहे. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत त्यांनी सड्याची ती कड अनेकदा मोठी करून पाहिली होती. वरून दगड ठिपक्याएवढे दिसत. मात्र सकाळच्या छायाचित्रांत त्यांच्या सावल्या लांबलचक पडत. इतकी वर्षे सगुणाबाई त्या सावल्यांच्या ओळखीवर होत्या.

आणि मग एका चैत्रात गावाने बोलावले.

निरोप घेऊन आला तो भागोजींचा नातू विनीत. मुंबईत गाळ्यावर नोकरी करून परतलेला, आता तळकोंडचा सरपंच. रत्नागिरीतल्या त्यांच्या घरात त्याने टेबलावर नारळ ठेवला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"आत्या, गावाने तुला बोलावलंय. सड्यावर."

सगुणाबाईंनी चष्मा काढला. "कशाला?"

"कड चिरेखाणीला द्यायचं चाललंय. पार्टी मोठी आहे. पोरांना इथल्या इथे काम मिळेल. निम्म्या घरांना कुलपं आहेत गं, शिमग्याला उघडतात तेवढीच. पण म्हातारी माणसं वऱ्हाडापाशी अडली. तू एकदा ये, बघ, आणि सांग की साधे दगड आहेत. एवढी शिकलेली तू, तुझा शब्द पडला की सभेत कोण काय बोलणार?"

"आणि मी म्हटलं, साधे नाहीत, तर?"

"दगडच ते, आत्या. साधे नसून जातील कुठे?"

"माझं लग्न अजून झालेलं नाही, हे गावाला कळवलंयस ना?"

विनीत मनमोकळा हसला. "आता तुला कोण अडवतंय! वय झालं तुझं."

सगुणाबाईंचा राग तापत नसे, निवत असे. आणि निवला की लोखंडासारखा टणक होई. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "म्हणजे बंदी देवाची नव्हती, वयाची होती. बरं. आणि जेसीबी येईल, त्याचं लग्न झालंय का? मला पत्रिका आली नाही."

"आत्या, तू पण ना..."

"कधी निघायचं?" त्यांनी विचारले. बोलावले होते, हे खरे होते. कशासाठी बोलावले, याचा हिशेब दगड पाहून झाल्यावर त्या करणार होत्या.

सड्यावर निघाले ते तिघे. सगुणाबाई, विनीत आणि सोनूबाई. सोनूबाई म्हणजे गावातल्या लेकींना वऱ्हाडाकडे घेऊन जाणारी बाई. तिच्या सासूकडून हे काम तिच्याकडे आलेले. वाकलेली, पण चालायला लागली की पुढेच. जिथवर गाडी जाते तिथवर गाडी गेली आणि मग कातळ सुरू झाला.

कोकण म्हणजे माडाची हिरवी झावळी, असे ज्यांना वाटते त्यांना चैत्रातल्या सड्यावर आणून उभे करावे. डोळा पोचेल तिथवर काळपट तांबडा, भाजल्यासारखा, भोकाभोकांचा कातळ. त्यावर जळल्या कागदासारखे वाळलेले शेवाळ आणि फटींत पांढरे पडलेले गवत. झाड नाही, घर नाही, सावली म्हणून पडते ती फक्त आपली. एक टिटवी ओरडत त्यांच्या पुढे पुढे पळत राहिली, तिची अंडी कुठे तरी उघड्या दगडावरच असणार. सूर्य नुकता वर आला होता, तरी दूरवर कातळावर पाणी हलल्यासारखे दिसत होते. पाणी नव्हते. सगुणाबाईंनी जे वाळवंट शोधत निम्मे जग पालथे घातले, त्याचे एक भावंड त्यांच्याच गावाच्या डोक्यावर पालथे पडले होते.

"पायातलं काढ गो बाय," सोनूबाई चुना लावलेल्या एका धोंड्यापाशी थांबली. "हितनं म्होरं अनवानी."

सगुणाबाईंनी बूट काढले. विनीतनेही सवयीने चपला काढून धोंड्याशेजारी नीट जोडून ठेवल्या.

"काकी, मला तिथे न्यायला भीती नाही वाटत? नवरदेव ओढून घेईल मला."

सोनूबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "जल्लं तुजं तोंड. दगडाचा झाला म्हनून काय त्येला डोळे न्हायत?"

विनीत फिस्सकन हसला. सगुणाबाईंनाही हसू आले आणि त्या हसण्यातच कातळ संपला.

संपला म्हणजे पायाखालून निघूनच गेला. पुढे जमीन एका प्रचंड ओंजळीसारखी खचलेली होती आणि त्या ओंजळीत वऱ्हाड उभे होते.

सगुणाबाई चालायच्या थांबल्या.

तिरप्या उन्हात शेकडो खांब उभे होते. माणसाहून उंच, काही माडाएवढे. प्रत्येकाच्या माथ्यावर कडक काळ्या जांभ्याचे छप्पर, कुठे पागोट्यासारखे घट्ट बसलेले, कुठे पदरासारखे पुढे ओढलेले. आणि खाली मऊ मातीचा देह. त्या मातीला रंग किती होते! पिवळा, शेंदरी, फिकट जांभळा, मध्येच चुन्यासारखा पांढरा, थरावर थर, नऊवारीच्या निऱ्यांसारखे. बायकांचा एक घोळका डोके डोक्याशी लावून उभा होता. एक ठेंगणा खांब मागे रेलून, गाल फुगवून काही तरी वाजवत होता. एक आडवा पडला होता आणि त्याच्यावर वाकून बाकीचे जणू त्याला उठवत होते. सगळ्यांच्या पुढे, अगदी एकटा, एक सरळ बारीक सुळका. त्याच्या टोपीला दोन्ही बाजूंनी झालर आलेली. तो खालच्या खोऱ्याकडे, गावाकडे पाहत होता. त्याच्याकडे बोट दाखवून कोणी हा नवरदेव म्हणून सांगायची गरज नव्हती.

वारा आला. जांभ्याच्या हजारो भोकांतून तो शिरला आणि ओंजळभर एक स्वर उठला, खालचा, लांब, न तुटणारा. सनई सुरू होण्याआधी सूर धरणारा माणूस जसा एकाच स्वरावर रेंगाळतो, तसा. तो स्वर कानांआधी उघड्या तळपायांतून वर चढला.

अज्ञानाला आश्चर्य स्वस्त असते, असे सगुणाबाई वर्गात म्हणत. आता त्यांच्या ज्ञानानेच त्यांना गुडघ्यावर आणले. अशी छपरे कशी टिकतात ते त्यांना ठाऊक होते. माथ्यावरचा कडक थर आहे तोवर खालची माती सुरक्षित; तो घसरला की दोन-चार पावसाळ्यांत खांबाचा चिखल होऊन ओढ्याला जातो. आणि इथला पाऊस वाळवंटातला नव्हता. आभाळ फाटल्यासारखा पडणाऱ्या या मुलुखात यातला एकही खांब उभा असायला नको होता. एखादा टिकला असता तर अपघात म्हणता आले असते. इथे गावच्या गाव टिकले होते. एकेका थराला किती युगे लागतात याचे आकडे त्यांना पाठ होते. आज पहिल्यांदा ते आकडे त्यांच्याकडे पाहत उभे होते. जॉर्डनच्या कड्यांसमोर त्यांना आपण लहान आहोत असे वाटले होते. इथे वाटले ते वेगळेच. आपण उशिरा आलो आहोत आणि तरीही कोणी तरी जागा धरून ठेवली आहे, असे.

त्या खाली उतरल्या. एका पांढऱ्या-जांभळ्या देहाला हात लावायला गेल्या आणि हात हवेतच राहिला. पीठ व्हावे इतकी ती माती मऊ होती. त्यांनी हात मागे घेतला आणि पाठीमागे बांधून ठेवला. सावल्यांच्या ओळखीवर माणूस ओळखणे म्हणजे काय, ते त्यांना आता कळत होते. त्यांनी सावल्यांवर प्रेम केले होते. त्या ज्यांच्या होत्या, त्यांना पाहायला आज आल्या होत्या.

"काय मग आत्या?" विनीत मागून उतरला. "दोन ओळी देशील ना? धोकादायक आहेत, कधीही पडतील, असं काही. खोटं नाही ना ते?"

"नाही," सगुणाबाई वळल्या नाहीत. "तुझ्याबद्दलही तेच लिहिता येईल. माणूस आहे, कधीही पडेल. म्हणून आजच पाडावा."

"चिडू नको गं. मला काय आनंद आहे? पण पोरं विचारतात, सरपंच काम कुठे आहे. त्यांना काय हे दाखवू?"

"दाखवलंयस का कधी?"

तेवढ्यात सोनूबाईने नवरदेवापुढे नारळ मांडला आणि पदर सारखा केला. "भांडाभांडी मागनं. लेक पैल्यांदा आली हाय. आधी गाऱ्हानं."

गाऱ्हाणे घालायचा मान भागोजींच्या घरचा, म्हणजे आता विनीतचा. त्याने डोक्याला रुमाल बांधला. शिमग्याला, पालखीला, कुणाच्या घरभरणीला तो ते घालतच असे. तोंडात बसलेले होते. त्याचा कायदा गावात पोराटोरांनाही ठाऊक. एकाने देवाला सांगायचे आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. व्हय मिळाला की वाक्य देवाला पोचले. आणि एकदा सुरू केलेले गाऱ्हाणे पुरे झाल्याशिवाय कोणी जागचे हलायचे नाही.

"हे बा म्हाराजा!" विनीतने हात जोडले. त्याचा शहरी स्वर गळून पडला आणि आजोबांचा आवाज आत शिरला. "खालच्या वाडीचा, वरच्या वाडीचा, मुंबयला गेल्या चाकरमान्याचा तू राखनदार!"

"व्हय म्हाराजा," सोनूबाई म्हणाली.

"आज तुज्या दारात तुजी लेक आली हाय, सगुना. तिचं पाऊल गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा."

"तिच्या हातून काय चुकलं असंल, गावाच्या हातून काय चुकलं असंल, ता पदरात घे!"

"व्हय म्हाराजा." या वेळी सोनूबाईने सगुणाबाईंकडे न पाहता पाहिले.

"आनि ह्ये तुजं वऱ्हाड, जसं आमच्या वाडवडलांनी बगितलं, तसंच आमच्या लेकींच्या लेकींना दिसू दे. आनि त्येच्यावर कोन हात टाकाया आला, तर..."

विनीत थांबला.

पुढचे वाक्य सगुणाबाईंना ठाऊक होते. लग्न ठरलेल्या मैत्रिणी सड्यावरून परत आल्या की ते त्यांच्याकडून ऐकलेले. 'तर त्येच्या आड ह्यो गाव उभा ऱ्हाईल.' गाऱ्हाण्यात बाकी सगळे मागणे आहे; हे एवढेच वाक्य देणे आहे. सवयीने सुरू केलेल्या माणसाला वाटेत ते आहे, याचा विसर पडला होता.

विनीतने घसा खाकरला. "तर... गावाच्या भल्याचा जो काय विचार हुईल, त्येला तू साथ दे."

सोनूबाई गप्प.

"पोरांच्या कामाधंद्याला यश दे, म्हाराजा."

सोनूबाई गप्पच. वारा पडला होता.

"काकी, व्हय म्हण ना."

"ता गाऱ्हान्यात न्हाय."

"काळ बदलला. गाऱ्हाणं पण बदलायला नको?"

"बदल की," सोनूबाई शांतपणे म्हणाली. "मी कुटं नको म्हनतंय? पन आड-आडून नको. त्येच्या तोंडावर सांग, की म्हाराजा, तुला कापून चिरे काढतंव. सांग. मी म्हनतंय व्हय म्हाराजा."

विनीतने नवरदेवाकडे पाहिले. तोंड उघडले, मिटले. ऊन आता ओंजळीत उतरले होते आणि अनवाणी पाय कातळावर चटके घेत होते. जायचे तर गाऱ्हाणे पुरे करायचे. पुरे करायचे तर दोनच वाक्ये, हे किंवा ते.

"आत्या, तू तरी काही तरी बोल."

बोलण्यासारखे सगुणाबाईंपाशी पुष्कळ होते. तीस वर्षांचे धारदार बोलणे साठलेले होते. पण त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्यांना आढळले, की हा माणूस आपल्यालाही घाबरलेला नाही, वऱ्हाडालाही नाही. तो ते पाहतो आहे. लहानपणापासून ज्या वाटेने तो आला-गेला, गुरे शोधायला, मोजणीवाल्यांना घेऊन, त्या वाटेवर आज त्याला पहिल्यांदाच थांबावे लागले होते. त्याची नजर नवरदेवाच्या झालरीवरून खाली उतरली, करवल्यांच्या घोळक्यावर गेली, तिथे राहिली.

"शमिकाने अजून पाहिलं नाही हे," तो स्वतःशीच म्हणाला. शमिका त्याची मुलगी, मुंबईत शिकत होती.

"आनि त्येच्यावर कोन हात टाकाया आला," विनीतने पुन्हा हात जोडले. या वेळी तो थांबला नाही. "तर त्येच्या आड ह्यो गाव उभा ऱ्हाईल, म्हाराजा."

सोनूबाईने ओठ हलवले नाहीत. ती सगुणाबाईंकडे वळली. पहिल्यांदा आलेल्या लेकीसाठी गाऱ्हाणे असते. शेवटचा व्हय तिचा.

सगुणाबाईंनी आयुष्यात कोणाला व्हय म्हाराजा म्हटले नव्हते. देवाला नाही, प्राचार्यांना नाही, कुलगुरूंना तर नाहीच नाही. देव नसतो, याविषयी त्यांचे मत आजही पक्के होते. समोर उभे होते ते लोह, माती, पाऊस आणि न मोजवणारा काळ, आणि त्या काळाने धरलेला हा अशक्य तोल. त्यांनी हात जोडले आणि मोठ्याने, ओंजळीच्या पलीकडल्या भिंतीवर जाऊन परत येईल इतक्या मोठ्याने, म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

विनीतने रुमाल सोडून तोंड पुसले आणि तो एका दगडी मामाच्या सावलीत मटकन बसला.

"झालं. आता पार्टीला काय सांगू?"

"सांग, वऱ्हाड रुसून बसलंय," सोनूबाई नारळ फोडत म्हणाली. "मान राखल्याबिगर उठनार न्हाय."

"थट्टा नको काकी. पोरं माझ्या दारात येतील. आत्या, तू लिही मग. जगात असं कुठे नाही, असं लिही. ते तरी हातात असू दे."

सगुणाबाईंना त्या शब्दाचे भवितव्य डोळ्यांसमोर दिसले. अद्वितीय म्हटले की कठडा येतो, कठड्यामागून तिकीटघर, तिकीटघरामागून नवरदेवाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढणारे. पण न लिहिले तर सभेत याच्या हातात एका गाऱ्हाण्याशिवाय काही नाही.

"लिहीन," त्या म्हणाल्या. "सभेत येऊन स्वतः वाचेन. गावकीत उभी राहूनच. आणि कठडे नकोत, हेही त्यातच लिहीन. मात्र पोरांना काय सांगायचं ते मला माहीत नाही, विनीत. माहीत असल्याचं सोंगही मी आणणार नाही."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती की थकव्याची, ते सांगता आले नसते.

सोनूबाईने खोबऱ्याचा तुकडा सगुणाबाईंच्या हातावर ठेवला. "चल गो. ऊन चढतंय. पाय भाजतील."

"तुम्ही व्हा पुढे."

सोनूबाईने आग्रह केला नाही. तिने विनीतला हाताला धरून उठवले आणि ती दोघे चढणीला लागली. सगुणाबाई करवल्यांच्या घोळक्यापर्यंत गेल्या आणि तिथे, कोणाला धक्का लागणार नाही अशा बेताने, उभ्या राहिल्या. वारा पुन्हा आला. तो लांब, खालचा स्वर ओंजळीतून उठला, भोवतालच्या प्रत्येक टोपीखालून, प्रत्येक निरीमधून. सूर्य सरकत होता तसे थर रंग बदलत होते, पिवळा शेंदरी होत होता, जांभळा करडा. यातले एकही दृश्य छायाचित्रात आले नसते. खोबरे तसेच हातात धरून त्या पाहत राहिल्या.